‘मध्यम’ हवेतला पक्षाघात : लालबागमधलं एक प्रकरण

पक्षाघाताला आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. लालबाग-परळ भागात बावीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले असतील. त्यातल्या वाऱ्याचा विचार मात्र मी या प्रकरणाआधी कधी केला नव्हता. कुटुंबाच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे नुसतं ‘काका’ म्हणतो, कारण समोरही मी त्यांना तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

काका ६४ वर्षांचे, बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि घरात पाच माणसं: काका, काकू, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. अकरा वर्षांपासून बीपी, त्यासाठी अम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी. साखर सीमेवर. तंबाखू सहा वर्षांपूर्वी सोडलेली. आणि रोज पहाटे साडेपाचला उठून तासभर चालणं. ऊन असो की थंडी, त्यात खंड नाही, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

शेजारची चाळ पुनर्विकासाला गेली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाडकाम सुरू झालं. दिवसभर ब्रेकर चालायचे, संध्याकाळी पाचनंतर डंपर लागायचे आणि राडारोडा भरला जायचा. गॅलरीत वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात आणता येत नव्हते. हिरवं कापड लावलेलं होतं, पण ते मधोमध फाटलेलं. गेटवरचे वॉचमन पहाटे थंडी वाजते म्हणून शटरिंगच्या जुन्या प्लायची शेकोटी पेटवायचे. फिरून येताना काका तिथे दहा मिनिटं हात शेकत उभे राहायचे.

मुंबईच्या हवेचा दिनक्रम इथे समजून घ्यायला हवा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पहाटे वारा जवळजवळ पडलेला असतो. वर उबदार हवेचं झाकण बसतं, त्यामुळे रात्रभराचा धूर आणि धूळ जमिनीलगतच राहते. दुपारी समुद्राकडून वारा आला की ती पांगते. म्हणजे ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही मुंबईत निदान डिसेंबर-जानेवारीत खरी नसते. काका नेमके त्याच तासाला, मोठ्या रस्त्याच्या कडेने, उड्डाणपुलाखालून चालायचे.

आधीचे तीन दिवस

मंगळवारी संध्याकाळी काका मुलाबरोबर दवाखान्यात आले.

“डॉक्टर, नाक चोंदलंय. रात्रभर ढास लागते, डोळे चुरचुरतात.”

“धुळीचं आहे, काका. चाळीतल्या सगळ्यांचीच हीच तक्रार आहे.”

बीपी १५६/९४ आलं. एरवी त्यांचं १३५ च्या आसपास असायचं. डिजिटल मशीनवर आकड्याशेजारी ठोके अनियमित असल्याची खूण लुकलुकली. सेल उतरले असतील असं समजून मी तिकडे दुर्लक्ष केलं. “गोळी चालू आहे ना?” असं विचारलं, ते “चालू आहे” म्हणाले. खरी गोष्ट नंतर कळली. अम्लोडिपिनने पावलं सुजतात म्हणून ते महिनाभर एक दिवसाआड गोळी घेत होते. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी एक दिवसाआड म्हणजेही चालूच. मीच ‘रोज घेता का, कालची घेतली का’ असं विचारायला हवं होतं.

मी खोकल्याचं औषध दिलं आणि सर्दीची एक गोळी दिली. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करतं. तोंडाने घेतल्यावर बीपीवर त्याचा परिणाम फार मोठा नसतो, पण बीपी आटोक्यात नसलेल्या माणसाला ते द्यायचं नसतं, हे मला पाठ आहे. त्या संध्याकाळी बाहेर पंधरा माणसं बसली होती आणि मी ते लिहून दिलं.

निघताना मुलाने मोबाइल पुढे केला. “डॉक्टर, हवा खराब आहे म्हणतात. बाबांनी फिरायला जावं का?” पडद्यावर आकडा होता १४८, खाली शब्द ‘मध्यम’.

“मध्यम आहे, जाऊ देत. चालणं बंद करू नका.”

या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो माझा.

‘मध्यम’ म्हणजे किती?

आपल्या देशातला हवेचा निर्देशांक ० ते ५०० असा मोजतात. १०१ ते २०० ही पट्टी ‘मध्यम’. निर्देशांक जर सूक्ष्म कणांमुळे म्हणजे पीएम २.५ मुळे वाढला असेल, तर या पट्टीचा अर्थ एक घनमीटर हवेत ६१ ते ९० मायक्रोग्रॅम कण. आपलं राष्ट्रीय मानक २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅमचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५. म्हणजे आपण ज्याला ‘मध्यम’ म्हणतो ती हवा त्या मर्यादेच्या चार ते सहा पट असते. ‘मध्यम’ शब्दाने कान शांत होतात. मुलाचे झाले, माझेही झाले.

दुसरं असं की अॅपवरचा आकडा चोवीस तासांची सरासरी सांगतो, आणि तीसुद्धा काही किलोमीटरवरच्या केंद्राची. शेकोटीपाशी आणि राडारोडा भरणाऱ्या डंपरशेजारी त्या घटकेला हवा कशी होती, ते त्या आकड्यात येत नाही.

शुक्रवारची सकाळ

काका ५ वाजून ४० मिनिटांनी बाहेर पडले आणि पावणेसातच्या सुमाराला परतले. खालच्या दूधवाल्याला त्यांनी मोबाइलवरून पैसे दिले, स्वतः पिन टाकून. पावतीवर वेळ होती ६.५२. दूधवाल्याशी हवापाण्याच्या चार गोष्टीही बोलले. या पावतीला पुढे फार महत्त्व आलं.

सव्वासात-साडेसातच्या दरम्यान, काकूंच्या आठवणीप्रमाणे ७.२० ला, त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. काकू काही विचारायला गेल्या तर शब्द फुटेना, नुसता घोगरा आवाज. उजवीकडचा ओठ खाली ओघळलेला.

“वारं गेलंय,” शेजारच्या मावशी म्हणाल्या. कोणी तेल गरम करायला घेतलं. कोणी सुचवलं की हार्ट अटॅकची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, पाण्यात विरघळवून पाजा. सुनेने ती थांबवली. तिला कारण नेमकं माहीत नव्हतं, पण ‘त्यांना गिळता येत नाहीये’ हे तिच्या लक्षात आलं होतं. तिचं बरोबर होतं. गिळता न येणाऱ्या माणसाला काही पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. शिवाय मेंदूच्या धमनीत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव आहे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो.

मुलाने मला ७.३५ ला फोन केला. माझा फोन सायलेंटवर होता. मी तो ७.५८ ला पाहिला. तेवीस मिनिटं ते कुटुंब माझी वाट पाहत बसलं होतं, ‘डॉक्टर सांगतील तसं करू’ म्हणून. मी सांगितलं: आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, मध्ये कुठे थांबू नका.

काकांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणायला मंडळाची चार पोरं लागली. खाली आल्यावर दुसरा निर्णय. मोठं हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर, ओळखीचं नर्सिंग होम पाच मिनिटांवर. मुलगा घाबरलेला होता आणि ‘निदान सलाइन तरी लागेल’ म्हणून टॅक्सी नर्सिंग होमकडे वळली. तिथे सीटी नव्हता. बीपी पाहिलं, सलाइन लावलं, चिठ्ठी दिली, पुढे पाठवलं. त्यात अर्धा तास गेला. मुलाला मी दोष देत नाही. बाप डोळ्यांसमोर असा पडलेला असताना माणूस जवळच्या दाराकडेच धावतो. कुठल्या दारात काय मिळतं हे आधी कुणी सांगितलेलं असेल तरच तो वेगळं वागेल, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

हॉस्पिटलात

मोठ्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ९.०५ झाले होते. पहिला प्रश्न: शेवटचे ठणठणीत केव्हा होते? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. काकू म्हणाल्या सात, मुलगा म्हणाला झोपेतून उठलो तेव्हापासून माहीत नाही. सुनेने दुधाची पावती दाखवली. ६.५२ ला माणूस स्वतः पिन टाकत होता, बोलत होता. घड्याळ तिथून मोजलं गेलं. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ नक्की नसेल तर साध्या सीटीच्या भरवशावर डॉक्टर ते देत नाहीत.

सीटीत रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीच्या एका शाखेत गाठ होती, म्हणून उजवं अंग आणि वाचा गेली. पण बीपी १९८/११० होतं. इंजेक्शन द्यायचं तर ते १८५/११० च्या खाली आणावं लागतं. त्यात आणखी वेळ गेला. इंजेक्शन १०.०५ ला सुरू झालं, म्हणजे पावतीपासून तीन तास तेरा मिनिटांनी. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तिथे साचतं, गाठ होते आणि ती मेंदूकडे जाते. मंगळवारी मशीनवर लुकलुकलेली खूण मला तेव्हा आठवली.

मोठ्या धमनीतल्या पक्षाघातात उपचार नसेल तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तो सरासरीचा आहे, प्रत्येकाला तसाच लागू होतो असं नाही. तरी माझी तेवीस मिनिटं आणि नर्सिंग होमची तीस मिनिटं मी त्या आकड्याने गुणून पाहिली आहेत.

हवेचा हात किती?

मुलाने मला दुसऱ्या दिवशीच विचारलं, “डॉक्टर, त्या धुळीने केलं ना हे?” त्याला हो म्हणणं सोपं होतं. बिल्डरवर राग होताच सगळ्यांचा. पण एका माणसाच्या एका पक्षाघाताबद्दल ‘हवेनेच केलं’ असं कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाही. काकांच्या बाबतीत बीपी, अर्धवट घेतलेली गोळी, न पकडलेले अनियमित ठोके आणि मी दिलेली सर्दीची गोळी, एवढं सगळं हवेच्या आधीच हजर होतं.

मग हवेचा संबंध येतो कुठे? बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या १,७०५ पक्षाघातांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत मला आवडते. त्यात रुग्णाची तुलना दुसऱ्या माणसाशी करत नाहीत, त्याच माणसाच्या दुसऱ्या दिवसांशी करतात. पक्षाघात झाला त्याच्या आधीच्या तासांत हवा कशी होती, आणि त्याच महिन्यातल्या त्याच वारी कशी होती? वय, तंबाखू, मधुमेह हे त्या माणसाबरोबर दोन्ही दिवशी सारखेच असतात, त्यामुळे उरतो तो त्या दिवसाचा फरक. पीएम २.५ ची पातळी १५ ते ४० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असलेल्या चोवीस तासांनंतर धोका, १५ च्या खालच्या हवेच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी जास्त दिसला. अमेरिकेच्या मोजपट्टीत ही १५ ते ४० ची हवा तेव्हा ‘मध्यम’च होती. आमच्या ‘मध्यम’पेक्षा ती बरीच स्वच्छ. संबंध सर्वांत ठळक दिसला तो लक्षणांच्या आधी १२ ते १४ तासांच्या हवेशी.

७.२० मधून बारा-चौदा तास मागे गेलं की गुरुवारची संध्याकाळ येते, साधारण साडेपाच ते सव्वासात. त्या वेळी काका गॅलरीत बसले होते आणि खाली राडारोडा भरला जात होता. एका माणसाच्या बाबतीत असं घड्याळ मागे फिरवून पुरावा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण चौकशी करताना मी फक्त पहाटेच्या फेरीबद्दल विचारत होतो. या अभ्यासामुळे आदल्या संध्याकाळबद्दल विचारायला लागलो.

मोठ्या संकलनांतले आकडे लहान वाटतात. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २८ देशांतल्या ६२ लाख घटनांचा एकत्रित आढावा आला: पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढलं की पक्षाघाताने भरती किंवा मृत्यूचा धोका सुमारे १.१ टक्का वाढतो, आणि हा परिणाम त्याच दिवशी सर्वांत जास्त असतो. २०२३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात ११० अभ्यासांचा, १ कोटी ८० लाखांहून अधिक पक्षाघातांचा आढावा आला. आधीच्या पाच दिवसांतली हवा त्यात पाहिली होती. नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असताना धोका २८ टक्के, पीएम २.५ जास्त असताना १५ टक्के अधिक. दोन्ही आढाव्यांची मोजणी वेगळी आहे, म्हणून आकडे एकमेकांशेजारी ठेवून ताडू नयेत. एका माणसाला टक्का-दीड टक्क्याची वाढ नगण्य. पण २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, आणि हवा तर सगळ्यांनाच एकाच वेळी बिघडते. शिवाय हा वाढीव धोका सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. तो आधीच काठावर असलेल्यांच्या अंगावर पडतो.

काठावरच्या शरीरात काय होतं? हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन ते दाह पेटवतात, रक्त घट्ट व्हायला लागतं, प्लेटलेट चिकट होतात. आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल बिघडतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी काही तासांतच वर जातं. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे झटकेही अशा तासांत वाढतात. काकांचं १५६/९४ आणि ती लुकलुकणारी खूण, दोन्ही मंगळवारी माझ्यासमोर होत्या. मी त्यांना ‘धुळीचं आहे’ म्हणालो ते बरोबरच होतं. फक्त मी ते नाकापुरतं म्हणालो.

घरी आणल्यावर काय पर्याय होते

आठ दिवसांनी काका घरी आले. उजवा हात लुळा, पाय ओढत चालायचे, आणि प्रत्येक गोष्टीला ‘चहा’ हाच शब्द यायचा. नात हसायची, मग रडायची. खाली ब्रेकर चालूच होते. एका संध्याकाळी आम्ही सगळे बसलो.

पहिला विचार गावाचा. देवरुखजवळ घर आहे, मोकळी हवा आहे. मुलगा ठाम होता: हिवाळा संपेपर्यंत बाबांना तिकडे ठेवू. काकू म्हणाल्या, गावच्या घरात अजून चूल आहे आणि पाणी बंबावर तापतं. त्या बरोबर होत्या. चुलीचा धूरही तेच कण फुफ्फुसात नेतो, आणि तो बंद खोलीत असतो. त्याहून मोठी अडचण फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारांची. पहिले तीन महिने हातातून गेले तर पुढे भरून काढणं फार कठीण. गाव मागे पडलं.

हवा शुद्ध करणारं यंत्र? दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे दार दिवसभर उघडं आणि आत फोडणी, तिथे ते कितपत पुरं पडणार याची मला शंका होती. काही छोट्या अभ्यासांत अशा यंत्राने बीपी थोडं उतरलेलं दिसलं आहे, पण त्याने पक्षाघात टळतो असा पुरावा नाही. पैसे कर्ज काढून घालण्यासारखे नव्हते, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. मुलाच्या मित्राने जुनं यंत्र वापरायला दिलं, ते रात्री झोपायच्या खोलीत दार लावून चालवायचं ठरलं. त्याआधी फुकट होण्यासारखं करून घेतलं: मच्छर अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी, देवापुढचा धूप गॅलरीत, झाडूऐवजी ओलं फडकं. पाडकामाकडची खिडकी सकाळी दहापर्यंत बंद, दुपारी खारा वारा आला की उघडी.

मास्कबद्दल काका स्वतः नाखूश होते, श्वास कोंडतो म्हणून. बीजिंगमध्ये हृदयरोग असलेल्या ९८ जणांना रस्त्यावर मास्क लावून आणि न लावता चालवून पाहिलं होतं. मास्क लावल्यावर बीपी किंचित कमी राहिलं. कापडी रुमालाचा उपयोग नाही, एन-९५ नीट चिकटून बसला तरच. बाहेर पडताना वीस-पंचवीस मिनिटं लावायचा, एवढ्यावर तडजोड झाली.

चालणं थांबवायचं नव्हतं. ते सोडलं असतं तर बीपी आणि मन दोन्ही बिघडलं असतं. वेळ बदलली: पहाटेऐवजी दुपारी चार, रस्त्याऐवजी मैदान.

काकूंच्या भावाने कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवली. याबद्दल मी न चिडता, पण स्पष्ट नाही म्हणालो.

या सगळ्यापेक्षा जास्त वजन ज्याला होतं ते औषधांना. अम्लोडिपिन बंद करून पाय न सुजवणारी टेल्मिसार्टन सुरू केली, आणि बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं ठरलं. अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारी अपिक्साबान हॉस्पिटलातूनच सुरू झाली होती. ती दिवसातून दोनदा, न चुकता. सुनेने गोळ्यांचा डबा केला, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेला. शहरातली हवा मी बदलू शकत नव्हतो, त्या हवेला सामोरं जाणारं शरीर थोडं बदलू शकत होतो.

पाडकामाची तक्रार

हे काम सुनेने केलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयानेही हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. नियम कागदावर नेमके आहेत: ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फुटांचे पत्रे, पाडकामाला ओलं हिरवं कापड आणि पाण्याचा फवारा. सुनेने रोज त्याच वेळी, त्याच गॅलरीतून फोटो काढले, तारखेसह. मंडळाच्या पोरांनी चाळीतल्या बेचाळीस घरांच्या सह्या घेतल्या. मी वैद्यकीय पत्र दिलं. त्यात ‘या धुळीने पक्षाघात झाला’ असं लिहायचा आग्रह होता. मी तसं लिहिलं नाही. ‘या इमारतीत बीपी, हृदयविकार आणि दम्याचे रुग्ण आहेत, धुळीने त्यांचा धोका वाढतो’ असं लिहिलं, कारण ते कुणालाही खोडता येत नाही.

नवव्या दिवशी पाण्याचा टँकर आला, कापड बदललं. पंधरा दिवस बरं चाललं. मग फवारा पुन्हा दिवसाआड झाला. शेकोटी मात्र कायमची थांबली. सुनेने वॉचमनना एक जुनं ब्लँकेट आणि थर्मास नेऊन दिला होता.

काय झालं

तीन महिन्यांनी बीपी १२६/७८. काका काठी घेऊन मैदानाला एक फेरी मारतात. वाक्यं येतात, पण लांबली की तुटतात. नावं अडकतात. उजव्या हाताने भात कालवता येतो, शर्टाचं बटण लावता येत नाही. पुन्हा झटका आलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारी बोटं मनगटावर ठेवून एक मिनिट नाडी मोजली असती, तर एट्रियल फिब्रिलेशन कदाचित तीन दिवस आधी सापडलं असतं. कदाचित, कारण ते येतं-जातं. आणि तीन दिवसांत औषध चालू होऊन पक्षाघात टळलाच असता, असंही मी म्हणणार नाही. पण हे सगळ्यात स्वस्त होतं आणि तेच राहिलं. आता साठीच्या वरच्या प्रत्येकाची नाडी मी हाताने मोजतो, मशीनवर खूण दिसो न दिसो.

‘हवा खराब आहे का’ या प्रश्नाला मी आकड्याने उत्तर देणं सोडलं आहे. त्याऐवजी विचारतो: घराशेजारी काय चाललंय? संध्याकाळी कुठे बसता? कालची गोळी घेतली का? धुळीने खोकला झाला म्हणून बीपीचा रुग्ण आला, तर खोकल्याआधी बीपी आणि नाडी. सर्दीची गोळी लिहिताना हात थांबतो. समोरच्या केमिस्टलाही मी बीपीच्या रुग्णांना ती परस्पर देऊ नका म्हणून सांगितलं आहे. तो कधी ऐकतो, कधी नाही.

फोनचं मी अजून नीट सोडवलेलं नाही. रात्रभर फोन उघडा ठेवून माणूस वीस वर्षं काम करू शकत नाही. म्हणून उलटं केलं: जास्त धोक्याच्या घरांना कागद दिला आहे, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं काहीही एक दिसलं तर डॉक्टरला विचारत बसू नका. १०८ ला फोन. चोवीस तास सीटी असलेली दोन हॉस्पिटलं, त्यांची नावं आणि जायचा रस्ता. काही पाजू नका. शेवटचं नीट केव्हा बोलले ती वेळ लिहा. ही शेवटची ओळ सुनेकडून शिकलो.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांशीही बोललो. लक्षणं दारातच ओळखून, सलाइन न लावता, दोन मिनिटांत पुढे पाठवायचं त्यांनी मान्य केलं आहे. प्रत्यक्षात तसं होतं का, ते पुढच्या रुग्णाच्या वेळीच दिसेल.

सकाळचं दूध आणायला काका पुन्हा स्वतः खाली उतरतात, आता आठनंतर. दूधवाला मोबाइल त्यांच्यापुढे धरतो. चारही आकडे त्यांना पाठ आहेत, विचारले तर म्हणूनही दाखवतात. बोट मात्र अजून दुसऱ्या आकड्यावर अडतं, आणि पैसे सून देते.